खिशातले गाणे, गल्ल्यातला हिशेब

१० मे २०२२ रोजी अमेरिकेतील ॲपल कंपनीने आयपॉड हे यंत्र बंद करीत असल्याचे जाहीर केले. शिल्लक माल संपेपर्यंत विक्री चालू राहील, असे सांगून कंपनीने साडेवीस वर्षांचा एक मोठा व्यवहार मिटविला. आमच्या बाजारपेठांत या बातमीची फारशी दखल कोणी घेतली नाही. ज्याला गाणे, नात किंवा बयान ऐकायचे होते त्याच्या हातात तोपर्यंत मोबाइल आला होता. वर्तमानपत्रांनी ही बातमी करमणुकीच्या पानावर छापली. आमच्या मते ती व्यापाराच्या पानावरची बातमी होती आणि दुकानदाराने व कारागिराने ती कापून ठेवायला हवी होती.

संगीत ऐकणे कितपत योग्य, याविषयी उलेमांमध्ये पूर्वीपासून मतभेद आहेत. त्यावर निर्णय देण्याचा आमचा अधिकार नाही आणि या पानाचा तो विषयही नाही. शिवाय ज्या यंत्रात गाणे वाजते त्याच यंत्रात कुरआनचे पठणही वाजते. तीस पाऱ्यांच्या पठणाला पूर्वी कॅसेटचा अख्खा संच लागत असे, ते आता नखाएवढ्या कार्डात मावते. तेव्हा आम्ही येथे यंत्राकडे केवळ धंद्याची वस्तू म्हणून पाहणार आहोत. ही वस्तू कोणी शोधली, कोणी विकली, कोण श्रीमंत झाले आणि कोण हात चोळीत बसले, एवढाच आमचा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरात आमच्या बांधवांच्या रोजीरोटीचा प्रश्नही दडलेला आहे.

कॅसेटने दिलेली रोजी

फिलिप्स कंपनीने १९६३ साली लहान कॅसेट बाजारात आणली. १९७९ च्या जुलै महिन्यात जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन काढला आणि माणूस चालता चालता ऐकू लागला. आमच्या देशात १९८० नंतर कॅसेटचा खरा सुकाळ झाला. तोपर्यंत तबकड्या आणि त्या वाजविणारे यंत्र ही मध्यमवर्गाच्या वरची चैन होती. टी-सीरीजसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेट पानाच्या टपरीपर्यंत पोहोचविली. थोडे भांडवल आणि दुकानासमोरची चार फूट जागा एवढ्यावर धंदा उभा राहू लागला. उरुसात, जत्रेत, एस.टी. स्टँडवर कव्वाली, नात, वअज आणि चित्रपटगीते यांच्या कॅसेट विकून अनेकांनी घरे चालविली, मुलींची लग्ने केली.

त्याच्या जोडीने दुरुस्तीचा धंदा वाढला. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल झाला की बदलायचा, हेड स्पिरिटने पुसायचे, अडकलेली फीत सोडवायची, तुटलेली फीत चिकटवायची. मुंबईत लॅमिंग्टन रोडपासून मनीष मार्केटपर्यंत आणि गावोगावच्या लहान लहान गाळ्यांत सोल्डरिंगची कांडी हातात धरून बसलेले आमचे किती तरी कारागीर याच कामावर जगले.

आमच्या ओळखीचे एक कॅसेटविक्रेते होते. बाजार पडू लागला तेव्हा ठोक व्यापाऱ्याने भाव खाली आणले. त्यांना वाटले, स्वस्तात माल मिळतो आहे, भरून घ्यावा. त्यांनी पोटमाळा गच्च भरला. शेजारच्या दुकानातला मुलगा त्यांना म्हणाला, "चाचा, एवढा माल आता घेणार कोण?" ते म्हणाले, "बेटा, गिऱ्हाईक कुठे जातंय? फिरून इथेच येईल." गिऱ्हाईक खरोखरच परत आले. पण ते त्यांच्या दुकानात न येता शेजारच्या त्या मुलाकडे आले, कारण तो मोबाइलच्या कार्डात गाणी भरून देऊ लागला होता. कॅसेटचा तो माल शेवटी भंगाराच्या भावाने गेला. चाचा मेहनती होते, इमानदार होते, उधारी वेळेवर फेडीत. चूक एवढीच की आपण कॅसेट विकतो असे ते समजत होते. गिऱ्हाईक मात्र त्यांच्याकडून कधीच कॅसेट विकत घेत नव्हते. ते ऐकण्याची सोय विकत घेत होते.

यंत्र लहान कसे झाले

हा बदल एका रात्रीत झाला नाही. १९८२ साली जपानमध्ये सीडी विक्रीस आली. सीडीवर आवाजाची नोंद आकड्यांत असते. प्रत्येक सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेऊन ते आकड्यांत लिहिले जाते. आवाज स्वच्छ मिळतो, पण आकड्यांचा ढीग प्रचंड होतो. एका मिनिटाच्या गाण्याला दहा मेगाबाइटहून अधिक जागा लागते. त्या काळच्या संगणकाला व टेलिफोनच्या तारेला हा भार पेलणारा नव्हता.

जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीवर काम केले. त्यांची युक्ती आमच्या मालेगाव-भिवंडीच्या विणकराला चटकन समजेल. लूमच्या खडखडाटात शेजारी उभा असलेला माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही. तो बोलत असतो, पण मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. गाण्यातही तसेच असते. ढोलाचा ठोका पडला की त्या क्षणी त्याच्याजवळचे बारीक सूर कानाला लागत नाहीत. मग जे ऐकूच येत नाही ते लिहून ठेवण्यात जागा का घालवायची? असे अनावश्यक आकडे गाळून त्यांनी गाण्याचे ओझे सुमारे अकराव्या हिश्श्यावर आणले. एका मिनिटाला एक मेगाबाइटही पुरू लागला. १९९५ साली या पद्धतीला एमपी३ हे नाव मिळाले.

दुसरी गरज होती ती आकडे साठविण्याच्या जागेची. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरी शोधून काढली होती. वीज बंद झाली तरी तिच्यातील नोंद पुसली जात नाही आणि तिच्यात फिरणारा एकही भाग नसतो. फीत नाही, पट्टा नाही, हेड नाही, म्हणजेच झिजणारे काही नाही. गिऱ्हाईकाच्या दृष्टीने ही सोय झाली. टेप दुरुस्त करणाऱ्याचे मात्र अर्धे काम त्याच दिवशी संपले, फक्त त्याला ते कळायला दहा-पंधरा वर्षे लागली.

पहिल्याचे नाव, दुसऱ्याचा गल्ला

आता यंत्राचा इतिहास पाहू. ब्रिटनमधील केन क्रेमर या तरुणाने १९७९ सालीच, म्हणजे वॉकमन निघाला त्याच वर्षी, फिरता भाग नसलेल्या खिशातल्या यंत्राची कल्पना कागदावर मांडली होती. त्या वेळच्या मेमरीत जेमतेम साडेतीन मिनिटांचे गाणे बसत होते. त्याने पेटंट घेतले, पण ते चालू ठेवण्यासाठी लागणारा पैसा उभा राहिला नाही आणि १९८८ मध्ये त्याचा हक्क गेला. कल्पना बरोबर होती, पण बाजार अजून तयार नव्हता आणि हक्काची मुदत संपली.

१९९८ साली दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीने एमपीमॅन नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यात ३२ मेगाबाइटची मेमरी होती, म्हणजे सुमारे अर्ध्या तासाचे संगीत. त्याच वर्षी अमेरिकेच्या डायमंड मल्टिमीडिया कंपनीने रिओ हे यंत्र २०० डॉलरला काढले. क्षमता तेवढीच, अर्धा तास. कॅसेट मात्र नव्वद मिनिटांची मिळत होती! तरीही रिओ खपले, कारण धक्का लागला तरी ते अडखळत नव्हते आणि त्यातील गाणी हवी तेव्हा बदलता येत होती.

रिओवर अमेरिकेतील संगीत कंपन्यांच्या संघटनेने ऑक्टोबर १९९८ मध्ये दावा लावला. अशा यंत्रामुळे चोरून नकला करणे वाढेल, अशी त्यांची तक्रार होती. जून १९९९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल डायमंडच्या बाजूने दिला. सर्व कंपन्यांसाठी रस्ता मोकळा झाला. खटल्याचा त्रास एकाने सोसला आणि मोकळ्या रस्त्याने गाडी दुसऱ्याने हाकली. रिओ हे नाव पुढे एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेले. मधली कंपनी २००३ साली दिवाळखोरीत निघाली आणि २००५ साली हा धंदा बंद पडला.

१९९९ मध्येच कॉम्पॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालेले एक यंत्र हँगो या कोरियन कंपनीने विकायला काढले. त्यात संगणकासारखी हार्ड डिस्क होती आणि तिच्यात ४.८ गिगाबाइट, म्हणजे घरातील सगळ्या सीडी मावतील एवढी जागा होती. किंमत सुमारे ८०० डॉलर. पुढच्या वर्षी सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ६ गिगाबाइटचे नोमॅड ज्यूकबॉक्स काढले. जागा भरपूर होती, पण आकार सीडी वाजविणाऱ्या यंत्राएवढा. ते खिशात मावत नव्हते आणि तारेतून गाणी भरायला तासन्‌तास लागत.

यानंतर २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलचा आयपॉड आला. ५ गिगाबाइट, ३९९ डॉलर. हिशेबाने पाहिले तर तो पहिला नव्हता, स्वस्त नव्हता आणि त्याची जागाही क्रिएटिव्हपेक्षा कमी होती. त्यातील १.८ इंची हार्ड डिस्क तोशिबाची होती, मुख्य चिप पोर्टलप्लेअर नावाच्या दुसऱ्या कंपनीची होती. संगणकावर गाणी लावून ठेवणारी आयट्यून्स ही प्रणालीदेखील दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या प्रणालीवरून बेतलेली होती. मग ॲपलने केले काय? गिऱ्हाईक कोठे वैतागते ते त्यांनी हेरले. यंत्र खिशात मावेल एवढे केले. एका चाकावर बोट फिरवून हजार गाण्यांतून हवे ते काढता येईल अशी सोय केली. गाणी भरण्यासाठी जलद तार दिली, त्यामुळे तासांचे काम मिनिटांवर आले. आणि २८ एप्रिल २००३ रोजी स्वतःचे गाण्यांचे दुकान उघडून एक गाणे ९९ सेंटला विकायला ठेवले. पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. यंत्र, गाणे, भरण्याची रीत आणि कायदेशीर परवाना या चारही गोष्टी गिऱ्हाईकाला एकाच ठिकाणी मिळू लागल्या. एप्रिल २००७ पर्यंत दहा कोटी आयपॉड विकले गेले होते.

ज्याचे दुकान मोठे त्याचीच अडचण

या बाजारावर खरा हक्क सोनीचा होता. वॉकमन तिचा, सीडीच्या निर्मितीत तिचा वाटा, नाव तर घराघरांत. पण १९८८ साली सोनीने अमेरिकेतील सीबीएस रेकॉर्ड्स ही संगीत कंपनी विकत घेतली होती. त्यामुळे एका घरात दोन धंदे झाले. यंत्र विकणाऱ्याला गाणी सहज भरता यावीत असे वाटे आणि गाणी विकणाऱ्याला नकला होऊ नयेत अशी भीती वाटे. १९९९ च्या अखेरीस सोनीने मेमरीवर चालणारा वॉकमन काढला, पण तो एमपी३ थेट वाजवीत नव्हता. गिऱ्हाईकाने आपली गाणी आधी सोनीच्या पद्धतीत बदलून घ्यावीत आणि मग भरावीत, असा खटाटोप होता. सोनीला शहाणपण सुचायला २००४ साल उजाडले. तोपर्यंत गिऱ्हाईक गेले होते.

आमच्या बाजारात हे चित्र नवे नाही. जुना माल पडून राहील म्हणून नवा माल ठेवायचाच नाही, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. ॲपलने याच्या नेमके उलट केले. २००५ साली आयपॉड मिनी हे तिचे सर्वांत खपणारे मॉडेल होते. ते जोरात चालू असतानाच कंपनीने ते बंद केले आणि त्याच्या जागी अधिक पातळ नॅनो आणला. २००७ साली तर गाणे वाजविणारा फोन आणून आयपॉडची कबर आपल्याच हाताने खोदली. दुसरा येऊन आपले गिऱ्हाईक नेणार, त्यापेक्षा आपणच नेलेले बरे, हा त्यामागचा हिशेब होता.

चार डॉलरचा कारागीर

येथपर्यंत व्यापाऱ्याची गोष्ट झाली. आता कारागिराची. २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी एक आयपॉड खोलून त्याचा पैसा कोणाकोणाकडे जातो याचा हिशेब मांडला. ते मॉडेल २००५ सालचे, ३० गिगाबाइटचे, किंमत २९९ डॉलर. त्यातले सुमारे ८० डॉलर ॲपलला मिळत होते. सुमारे ७५ डॉलर वितरक आणि दुकानदार यांच्यात वाटले जात. सुमारे ७३ डॉलर तोशिबाच्या हार्ड डिस्कचे होते. आणि चीनमध्ये ज्या कारखान्यात शेकडो हात हे यंत्र जुळवीत होते, त्या जुळणीच्या वाट्याला चार डॉलरही येत नव्हते.

आमच्या कारागीर बांधवांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. धारावीत चामड्याची पिशवी शिवणारा, भिवंडीत मजुरीवर कापड विणणारा, जरीचे काम करणारा, फर्निचरवर नक्षी काढणारा, या सर्वांची गोष्ट त्या आकड्यांत आहे. वस्तू आमच्या हातून तयार होते. तिच्यावर चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाची लागते, नमुना दुसऱ्याचा असतो आणि गिऱ्हाईकाचा पत्ता दुसऱ्याच्या वहीत असतो. आमच्या वाट्याला मजुरी येते आणि तीही दुसरा कोणी चार आणे कमी घेतो म्हणाला की घसरते. हात कितीही कसबी असला तरी ज्याच्याकडे फक्त हात आहे त्याला पर्याय लगेच सापडतो. नाव, नमुना आणि गिऱ्हाईक या तीन गोष्टी ज्याच्या असतात त्याला पर्याय सापडत नाही.

याच व्यवसायातील आणखी एक उदाहरण पाहा. सिंगापूरची क्रिएटिव्ह कंपनी बाजारात ॲपलकडून हरली. पण गाण्यांची यादी यंत्राच्या पडद्यावर कशी मांडावी याचे अमेरिकन पेटंट तिने २००५ साली मिळविले होते. त्याच्या बळावर तिने दावा लावला आणि २००६ साली ॲपलला तिच्याशी दहा कोटी डॉलरवर तडजोड करावी लागली. केन क्रेमरचा हक्क पैशाअभावी गेला होता, त्याला असा दावा सांगता आला नाही. नोंदवलेला आणि सांभाळलेला हक्क हरलेल्यालाही उभे राहण्याची जागा देतो.

आमच्याकडे हे सर्व फार दूरचे आहे, असे समजू नये. पैठणीला २०१० साली आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल आपल्या प्रदर्शनात मांडली, तेव्हा आपल्याकडून ओरड झाली आणि या चपलेची प्रेरणा भारतीय कारागिरीतून घेतली असल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. नाव नोंदलेले होते आणि लोकांना ठाऊक होते, म्हणूनच ही ओरड करता आली.

दुसऱ्याच्या मालावर किती दिवस?

आता एक कटू विषय. तो टाळला तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. एमपी३ आल्यावर नकला करणे सोपे झाले. १९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर निघाले. त्याद्वारे लोक एकमेकांची गाणी फुकट उतरवून घेऊ लागले. २००१ साली न्यायालयाच्या आदेशांमुळे ते बंद पडले. आमच्याकडे नॅपस्टर कोणाला ठाऊक नव्हते, पण तोच धंदा आमच्या गल्लीत चालला. आधी दीडशे गाण्यांची एमपी३ सीडी फुटपाथवर आली. मग मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळू लागले. हजारो तरुणांनी एका संगणकावर हा धंदा केला. गरिबी होती, काम नव्हते, भांडवल नव्हते, हे आम्ही जाणतो. संगीत कंपन्यांनीही बराच काळ रास्त किमतीची कायदेशीर वाट ठेवली नाही, हेही खरे. पण ज्या मालाची किंमत मूळ मालकाला दिलेली नाही तो माल विकणे याला आम्ही व्यापार म्हणावे काय?

याबाबत धर्माची बाजू अस्पष्ट आहे, असे काही बांधव समजतात. इस्लामी परिषदेच्या फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे या प्रश्नावर ठराव केला आहे. व्यापारी नाव, व्यापारचिन्ह, लेखन, शोध यांवरील हक्क हे मालकाचे खरे हक्क आहेत, आजच्या व्यवहारात त्यांना किंमत आहे आणि त्यांच्यावर अतिक्रमण करणे शरीअतमध्ये मान्य नाही, असा त्या ठरावाचा आशय आहे. देशाच्या कायद्याची बाजू तर स्पष्टच आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे म्हटले आहे. धाड पडते तेव्हा मोठा नकलाकार क्वचितच सापडतो. काउंटरवर बसलेला मुलगा सापडतो.

आणि निव्वळ धंद्याच्या हिशेबाने पाहिले तरी काय उरले? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि लोक गाणी थेट मोबाइलवर ऐकू लागले. कार्ड भरण्याचा धंदा पाहता पाहता संपला. त्यात ना नाव झाले, ना कसब वाढले, ना गिऱ्हाईकाशी नाते जुळले. जो हक्क आपला नव्हता, त्यातून पुढच्या पिढीच्या हाती देण्यासारखे काहीच तयार झाले नाही. कॅसेट विकणाऱ्या चाचांचा माल तरी स्वतःच्या पैशाचा होता.

मग करावे काय?

नव्या यंत्राने सर्वच जुने बुडते, असेही नाही. २०१७ साली सारेगामा कंपनीने कारवाँ नावाचे यंत्र काढले. इंटरनेटवर सर्व काही फुकटात मिळत असतानाही पाच हजार जुनी गाणी भरलेली ही पेटी लोकांनी हजारो रुपये मोजून घेतली. कारण साधे होते. म्हाताऱ्या आई-वडिलांना मोबाइलचा पडदा चाळता येत नव्हता, बटण फिरविणे येत होते. गाणी कंपनीच्या स्वतःच्या मालकीची होती. म्हणजे गरज ओळखलेली, माल हक्काचा आणि वापर सोपा. धंद्याला आणखी काय लागते?

हीच नजर आमच्या दुकानदारांना जमू शकते. कुरआनच्या पठणाचा स्पीकर, अक्षरावर टेकविला की वाचून दाखविणारा पेन, मदरशातील मुलांसाठी मजबूत हेडफोन, नजर कमी झालेल्या वडीलधाऱ्यांसाठी मोठ्या बटणांचे यंत्र, अशा वस्तूंना गिऱ्हाईक आहे. मात्र त्यातील पठणाची व बयानाची परवानगी घेतलेली आहे की नाही, हे माल भरण्याआधी विचारून घ्यावे. बाहेरून वस्तू धार्मिक असली आणि आतला माल परवानगीविना उचललेला असला, तर बरकत कशी येणार?

दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनाही आमचे सांगणे आहे. फीत गेली, पट्टा गेला, पण बारीक काम करणारा हात आणि बिघाड शोधणारी नजर ही कायमच उपयोगी पडते. आयपॉडची बॅटरी गिऱ्हाईकाला बदलता येत नव्हती, त्यावरून अमेरिकेत खटला होऊन २००५ साली कंपनीला तडजोड करावी लागली. त्याच अडचणीतून बॅटरी बदलून देणाऱ्या कारागिरांना काम मिळाले. प्रत्येक नवे यंत्र नवा बिघाड घेऊन येते. ज्या टेपवाल्यांनी हॉट एअरचे काम शिकून घेतले ते आज मोबाइल व ब्लूटूथ स्पीकर दुरुस्त करून मानाने जगत आहेत. जे 'हे आपले काम नव्हे' म्हणाले त्यांची दुकाने मोडली. म्हणून मुलाला दुकानात बसविण्यापूर्वी वर्षभर नवे काम शिकायला पाठवावे. त्या वर्षाची कमाई बुडाली असे समजू नये.

व्यापाऱ्याने दर सहा महिन्यांनी आपला माल तपासावा. जो माल स्वस्त झाला म्हणून मोह होतो, तो का स्वस्त झाला हे आधी विचारावे. जुने चालते आहे तोवरच थोडा नवा माल ठेवून पाहावा. आणि लहान का होईना, स्वतःचे नाव उभे करावे. व्यापारचिन्हाच्या नोंदणीसाठी व्यक्तीला आणि लहान उद्योगाला ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गाला साडेचार हजार रुपये शुल्क पडते. लग्नाच्या एका वेळच्या मंडपाला आम्ही यापेक्षा अधिक देतो. एकट्याला जमत नसेल तर दहा कारागिरांनी एकत्र येऊन एक नाव, एक नमुना आणि एक वही ठेवावी. मजुरी करण्यात लाज नाही. हजरत दाऊद (अ.) स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्या हाताचे मोल दुसऱ्यानेच ठरवावे, हे कोठेही सांगितलेले नाही.

आयपॉड गेला, त्याआधी कॅसेट गेली, उद्या आजचा मोबाइलही जाईल. गिऱ्हाईकाची गरज, आमचे कसब आणि आमच्या शब्दावरचा विश्वास या गोष्टी मात्र राहणार आहेत. त्या सांभाळल्या तर कोणतेही नवे यंत्र आमच्या पोटावर पाय देऊ शकणार नाही. अल्लाह आम्हा सर्वांना हलाल रोजी कमावण्याची, काळ ओळखण्याची आणि दुसऱ्याचा हक्क जपण्याची तौफीक देवो. आमीन.